लहान बेटांचा उंबरठा

मोठ्या बेटावर वनस्पतींचे व प्राण्यांचे प्रकार अधिक आणि लहान बेटावर ते थोडे, ही गोष्ट समुद्रावर फिरणाऱ्या लोकांच्या नजरेंतून कधींच सुटली नव्हती. कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरींत (१७७२ ते १७७५) योहान राइनहोल्ड फॉर्स्टर या नांवाचे एक जर्मन निसर्गशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर होते. पॅसिफिक महासागरांतील बेटें पाहून त्यांनीं १७७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत असें नमूद केलें कीं, बेटाचा घेर जसा लहान-मोठा असेल, तशी त्यावरील जातींची संख्याही कमी-अधिक असते. निरीक्षण अगदीं खरें होतें. परंतु तें सूत्राच्या रूपानें मांडावयास पुढें जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं.

१९२१ सालीं स्वीडनमधील ओलोफ अऱ्हेनियस यांनीं क्षेत्रफळ व जातींची संख्या यांचा संबंध गणितानें दाखविला. क्षेत्रफळाचा एक ठराविक घात घ्यावा व त्यास एका स्थिर संख्येनें गुणावें, म्हणजे जातींची संख्या मिळते, असें तें सूत्र आहे. हा घात एकापेक्षां लहान असतो. म्हणून जमीन दुप्पट झाली तरी जाति दुप्पट होत नाहींत, कांहीं थोड्या वाढतात. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ फिलिप डार्लिंग्टन यांनीं १९५७ सालच्या आपल्या ग्रंथांत हाच नियम शाळेंतल्या मुलालाही समजेल इतका सोपा करून सांगितला. वेस्ट इंडीज बेटांवरील बेडूक, सरडे, साप इत्यादि प्राण्यांच्या जाति मोजल्या तर असें दिसतें कीं, क्षेत्रफळ दसपट झालें म्हणजे जाति दुप्पट होतात. साबा या चार-पांच चौरस मैलांच्या चिमुकल्या बेटावर सुमारे ५ जाति. त्याच्या दसपट असलेल्या मॉन्टसेराटवर १० च्या आसपास. जमैका किंवा पोर्तो रिको यांसारख्या सुमारे ४,००० चौरस मैलांच्या बेटांवर ४० च्या आसपास. आणि क्यूबासारख्या सुमारे ४०,००० चौरस मैलांच्या बेटावर ८० च्या आसपास. एवढी नीटनेटकी शिडी निसर्गांत क्वचितच पाहावयास मिळते.

आतां ही शिडी वर चढण्याऐवजीं आपण खालीं उतरत गेलों तर काय होईल? चार चौरस मैलांवरून चार एकरांवर, चार एकरांवरून चार गुंठ्यांवर आलों, तरी प्रत्येक पायरीस जाति त्याच हिशेबानें कमी होत जातील काय? कीं एखाद्या पायरीशीं हा नियमच संपेल आणि त्याखालीं दुसराच कांहीं कायदा चालू होईल? अशी एखादी पायरी असेल, तर तिला उंबरठा म्हणावयास हरकत नाहीं. उंबरठ्याच्या आंत घर असतें आणि बाहेर रस्ता. दोन्हींकडची रीत निराळी.

या प्रश्नाचें पहिलें ठसठशीत उत्तर मायक्रोनेशियांतील एका एकाकी प्रवाळद्वीपानें दिलें. त्याचें नांव कापिंगामारांगी. विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या एका अंशावर, सरोवराभोंवतीं कंकणासारखी पसरलेली प्रवाळाची रांग आणि त्या रांगेवर ठेवल्यासारखीं ३३ लहान लहान बेटें, असें त्याचें स्वरूप आहे. सर्व बेटांची जमीन एकत्र केली तरी ती पावणेतीनशें एकरांच्या आसपास भरते. म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहानशा खेड्याच्या शिवाराहूनही कमी. १९५४ सालीं विल्यम नीअरिंग हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ तेथें गेले, बेटाबेटांवर हिंडून त्यांनीं वनस्पतींची नोंद केली आणि १९६३ सालीं आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. सुमारे साडेतीन एकरांहून, म्हणजे १४० गुंठ्यांहून, मोठ्या बेटांवर नियमाप्रमाणें क्षेत्रफळाबरोबर जाति वाढत होत्या. परंतु त्याहून लहान बेटांवर क्षेत्रफळाचा व जातींचा कांहींच मेळ नव्हता. बेट अर्ध्या एकराचें असो वा तीन एकरांचें, जातींची संख्या जवळजवळ सारखीच राहत होती. तेथील थोड्याशा जातींना, खारा वारा सोसणाऱ्या किनाऱ्यावरील झाडाझुडुपांना, जागेच्या कमी-जास्तीचें जणूं कांहीं सोयरसुतक नव्हतें.

असें कां व्हावें? याचें कारण जमिनीच्या वर नव्हे, जमिनीच्या खालीं सांपडलें. कोंकणांतील लोकांना ठाऊक आहे कीं, समुद्रापासून चार पावलांवर, पुळणींत खणलेल्या विहिरीलाही पुष्कळदां गोडें पाणी लागतें. मात्र उपसा फार झाला म्हणजे तेंच पाणी मचूळ होतें. वाळूंत मुरलेलें पावसाचें पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. गोडें पाणी हलकें व खारें जड. खाऱ्या पाण्याचें वजन गोड्या पाण्याच्या सुमारें १.०२५ पट असतें, आणि तेवढ्याशा फरकावर हा सर्व तराजू तोललेला असतो. समुद्राच्या पातळीवर गोड्या पाण्याची उंची एक फूट असेल, तर पातळीखालीं तें सुमारें ४० फूट खोल असतें. हा हिशेब हॉलंडमधील बादोन खायबेन व जर्मनींतील हेर्ट्सबेर्ग यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं स्वतंत्रपणें मांडला. बेटाच्या मध्यभागीं हा सांठा जाड व कडेला पातळ, म्हणून त्याचा आकार चष्म्याच्या भिंगासारखा असतो.

आतां बेट फार लहान असेल तर काय होतें? मुरलेलें पाणी बाजूंनीं लवकर झिरपून समुद्रांत जातें. भरती-ओहोटीच्या हेलकाव्यानें खारें व गोडें एकमेकांत मिसळतें. आणि वादळांत लाटा बेटावरून पार निघून जातात. गोड्या पाण्याचें भिंग तयारच होत नाहीं. अशा ठिकाणीं जमीन थोडी वाढली तरी मुळांना मिळणारें पाणी खारें तें खारेंच. साडेतीन एकरांच्या आसपास हें भिंग टिकूं लागतें. आणि एकदां तें टिकलें कीं, ज्यांना खारें पाणी सोसत नाहीं अशा वनस्पतींना बेटाचें दार उघडतें. मग मात्र जागा वाढेल तशा जाति वाढत जातात. उंबरठा जमिनीचा भासला, तरी खरा तो पाण्याचा होता.

हा उंबरठा केवळ झाडांनाच नव्हे, माणसांनाही ओलांडतां येत नाहीं. कापिंगामारांगीचे लोक जमिनींत खड्डे खणून, खालच्या गोड्या पाण्याच्या ओलीवर अळवाच्या वर्गांतील कंद लावतात. नारळ, केवड्याच्या कुळांतील झाडें, विलायती फणस आणि मासे हें त्यांचें बाकीचें अन्न. १९१६ ते १९१८ या काळांत तेथें पाऊस पडेनासा झाला, पिकें वाळलीं व उपासमारीनें अनेक माणसें दगावलीं. पुढें तेथील कांहीं कुटुंबें पोनपेई या मोठ्या, डोंगराळ बेटावर नेऊन वसविण्यांत आलीं आणि त्यांची वस्ती तेथें आजही आहे. आज समुद्राची पातळी चढत आहे. ती चढली म्हणजे अशा बेटांचा कांठ खचतो, रुंदी कमी होते व लाटा अधिक वेळां आंत शिरतात. म्हणजे आज उंबरठ्याच्या वर असलेलें बेट, नकाशावर तें दिसत असतांनाच, उंबरठ्याच्या खालीं जाऊं शकतें. यावरून हा उंबरठा नेमका कोठें आहे हें ठरविणें केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय नाहीं, हें ध्यानांत येईल.

तें ठरविण्याचें काम संख्याशास्त्राकडे येतें. प्रत्येक बेटाकरितां कागदावर एक ठिपका काढावा. उजवीकडे जावें तसें क्षेत्रफळ वाढावें व वर जावें तशा जाति वाढाव्या. उंबरठा नसेल तर ठिपक्यांमधून एकच तिरपी रेषा जाईल. उंबरठा असेल तर डावीकडे सपाट व उजवीकडे चढती अशी मोडलेली रेषा जाईल. मोड कोठें आहे तें शोधण्याची रीत सोपी, पण वेळखाऊ आहे. एकामागून एक निरनिराळ्या क्षेत्रफळांना मोड धरावी, प्रत्येक वेळीं रेषा आंखावी, रेषेनें सांगितलेली संख्या व बेटावर प्रत्यक्ष मोजलेली संख्या यांतील अंतराचा वर्ग करावा व सर्व बेटांच्या वर्गांची बेरीज घ्यावी. ज्या मोडीला ही बेरीज सर्वांत लहान येईल, तो उंबरठा. अमेरिकेंतील मार्क लोमोलिनो व मायकेल वायझर यांनीं २००१ सालीं अशाच मोडत्या रेषेनें पुष्कळ द्वीपसमूहांच्या मोजण्या पडताळून पाहिल्या आणि लहान बेटांचा हा निराळा कायदा बहुतेक ठिकाणीं आढळतो, असें सांगितलें. ज्या प्राण्यांना अन्न व जागा अधिक लागते, किंवा ज्यांना समुद्र ओलांडणें अवघड जातें, त्यांचा उंबरठा अधिक मोठ्या बेटावर येतो, असेंही त्यांना दिसलें. ही गोष्ट पटण्यासारखी आहे. किड्याला जें बेट प्रशस्त, तें घारीला बसावयासही पुरत नाहीं.

परंतु येथेंच सावध राहावयास पाहिजे. कारण उंबरठा निसर्गांत नसतांनाही कागदावर दिसूं शकतो, आणि तसें होण्याचे निदान तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग कागदाच्या आंखणीचा. बेटांचीं क्षेत्रफळें कांहीं गुंठ्यांपासून हजारों एकरांपर्यंत पसरलेलीं असतात. साध्या कागदावर तीं मांडलीं तर सगळीं लहान बेटें डाव्या कोपऱ्यांत गर्दी करतात. म्हणून क्षेत्रफळ दसपटीच्या पायऱ्यांनीं मांडण्याची पद्धति आहे. १, १०, १००, १,००० व १०,००० या संख्या सारख्या अंतरावर ठेवतात. गणितांत यास लॉगरिदम घेणें म्हणतात. आतां डार्लिंग्टन यांची शिडी या कागदावर मांडून पाहावी. जाति अनुक्रमें ५, १०, २०, ४० व ८० आहेत. पहिल्या पायरीची चढण पांचांची, दुसरीची दहांची, तिसरीची विसांची व शेवटचीची चाळिसांची. कागदाकडे पाहणाऱ्यास डावीकडे जवळजवळ सपाट माळ व उजवीकडे उभा चढ दिसेल, आणि तो चटकन म्हणेल, हा पाहा उंबरठा! वस्तुतः या शिडींत उंबरठा मुळींच नाहीं. प्रत्येक पायरीला एकच नियम लागू आहे, जागा दसपट व जाति दुप्पट. जातींचाही लॉगरिदम घेतला कीं तेच ठिपके एका सरळ रेषेंत येऊन बसतात. म्हणून मोडत्या रेषेची तुलना केवळ सरळ रेषेशीं करून भागत नाहीं. वांकत जाणाऱ्या निरनिराळ्या रेषांशींही ती करावी लागते, आणि सर्वांना एकाच मापानें मोजावें लागतें. न्यूझीलंडमधील बर्न्स व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं, आणि जर्मनींतील युर्गेन डेंगलर यांनीं २०१० सालीं, या चुकीवर स्पष्टपणें बोट ठेवलें.

दुसरा मार्ग रेषेच्या लवचिकपणाचा. मोडती रेषा सरळ रेषेहून ठिपक्यांच्या अधिक जवळून जाणारच. कारण मोड अगदीं लहानांत लहान बेटावर धरली म्हणजे ती सरळ रेषाच होते, व इतर कोठें धरावयाची मोकळीक वर शिल्लक राहते. सदऱ्याला अधिक शिवणी घातल्या तर तो अंगाला अधिक नीट बसतो, यांत शिंप्याचें कसब तें काय? जपानी संख्याशास्त्रज्ञ हिरोत्सुगु अकाइके यांनीं १९७३ सालीं यावर एक न्यायाची तोड काढली. प्रत्येक जास्तीच्या शिवणीबद्दल दंड आकारावा, आणि दंड भरूनही जी रेषा सरस ठरेल तीच पत्करावी. एक कल्पित हिशेब घेऊं. बेटें ३३ आहेत आणि सरळ रेषेच्या वर्गांची बेरीज १०० आली आहे. एका मोडीचा दंड वसूल व्हावयाचा असेल, तर मोडत्या रेषेची बेरीज सुमारे ९४ च्या खालीं यावयास पाहिजे. ती ९७ आली, तर रेषा जवळ गेली खरी, पण उंबरठा सिद्ध झाला नाहीं. बेटें थोडीं असतील तर ही परीक्षा आणखी कडक करावी लागते.

तिसरा मार्ग टाकून दिलेल्या बेटांचा. कित्येक खडकांवर मोजणाऱ्याला एकही जाति सांपडत नाहीं. शून्याचा लॉगरिदम घेतां येत नाहीं, म्हणून पुष्कळ अभ्यासक अशीं बेटें हिशेबांतून वगळतात. याचा परिणाम काय होतो तो पाहावा. लहान बेटांपैकीं ज्यांवर दोन-तीन जाति टिकल्या तींच तेवढीं उरतात आणि ज्यांवर कांहीं टिकलें नाहीं तीं दृष्टीआड होतात. अर्थातच डावीकडील टोक वर उचललें जातें व सपाट दिसूं लागतें. शाळेंतील नापास मुलांचे गुण न धरतां वर्गाची सरासरी काढावी, तशांतला हा प्रकार आहे. रिकामें बेट हीही एक मोजणीच आहे आणि उंबरठ्याच्या प्रश्नांत तर तिचें मोल सर्वांत अधिक.

या तिन्ही कसोट्यांतून उंबरठा पार पडला, तरी त्याची जागा एका आंकड्यानें सांगणें योग्य नव्हे. समजा, दोन एकर व पांच एकर यांच्या दरम्यान एकही बेट नाहीं. मग मोड तीन एकरांवर आहे कीं चारांवर, हें ठिपके कसे सांगणार? यासाठीं अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रन यांनीं १९७९ सालीं सुचविलेली एक युक्ति उपयोगी पडते. ३३ बेटांच्या ३३ चिठ्ठ्या एका भांड्यांत टाकाव्या. एक काढून नोंद करावी व पुन्हां भांड्यांत टाकावी. असें ३३ वेळां करावें. कांहीं बेटें दोनदां येतील, कांहीं येणारच नाहींत. त्या यादीवरून मोड काढावी. हा खेळ हजार वेळां केला कीं मोडीच्या हजार जागा मिळतात. त्या बहुतेक तीन व चार एकरांच्या दरम्यान पडल्या तर उंबरठा पक्का समजावा. त्या अर्ध्या एकरापासून वीस एकरांपर्यंत विखुरल्या, तर जो आंकडा हातीं आला तो भरंवशाचा नाहीं, असें प्रामाणिकपणें सांगावें. पूर्वीं या हजार मोडी हातानें काढावयास वर्ष पुरलें नसतें. आज संगणक तें काम क्षणांत करतो. परंतु चिठ्ठ्यांत कोणतीं बेटें घातलीं, हें संगणक विचारीत नाहीं.

शेवटची साक्ष मात्र आंकड्यांची नव्हे, कारणाची असते. कापिंगामारांगीचा उंबरठा विद्वानांना पटला, तो आलेखाच्या वळणापेक्षां जमिनीखालील पाण्यामुळें. १९६९ सालीं व्हाइटहेड व जोन्स या दोघांनीं त्याच मोजण्या पुन्हां घेतल्या आणि वनस्पतींचे गट पाडले: खारें पाणी सोसणाऱ्या एका बाजूस, न सोसणाऱ्या दुसऱ्या बाजूस, आणि माणसांनीं आणून लावलेल्या निराळ्या. तेव्हां असें दिसून आलें कीं, लहान बेटांवर मुख्यतः किनाऱ्यावरचीच खारी मंडळी आहे, आणि मोठ्या बेटांवर जी वाढ दिसते तिच्यांत गोड्या पाण्याचा व माणसाच्या हाताचा मोठा वांटा आहे. एका ढिगांत मिसळलेलें धान्य निवडलें म्हणजे जसें समजतें, तसें हें झालें.

वादळ हेंही असेंच एक कारण आहे. १९९६ सालच्या ऑक्टोबरांत लिली नांवाचें चक्रीवादळ बहामा बेटांवरून गेलें. समुद्राच्या लाटेखालीं गेलेल्या लहान बेटांवरील सरडे समूळ नाहींसे झाले. अशा ठिकाणीं बेट दहा गुंठ्यांचें आहे कीं वीस गुंठ्यांचें यापेक्षां तें लाटेच्या वर किती उंच आहे व कोणत्या बाजूस आहे, हेंच निर्णायक ठरतें.

येथवर उंबरठा हा जागच्या जागीं राहणारा आहे असें धरून विवेचन केलें. प्रत्यक्षांत तो काळाबरोबर सरकतो. थायलंडमध्यें १९८६-८७ च्या सुमारास च्यू लार्न या ठिकाणीं धरण बांधलें गेलें. दरी पाण्याखालीं गेली व टेंकड्यांचे माथे शंभराहून अधिक बेटें होऊन वर राहिले. त्यांवरील रान तेंच होतें, फक्त भोंवतीं पाणी आलें. ल्यूक गिब्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं तेथील उंदीर, चिचुंद्र्या इत्यादि लहान सस्तन प्राण्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १० हेक्टरांहून लहान, म्हणजे सुमारें २५ एकरांच्या आंतील बेटांवरून, मूळचे जवळजवळ सर्व प्राणी पांच वर्षांतच नाहींसे झाले. १० ते ५६ हेक्टरांच्या, म्हणजे सुमारें १४० एकरांपर्यंतच्या बेटांवर ते कांहीं काळ टिकले. पण २५ वर्षांत तीं बेटेंही जवळजवळ रिकामीं झालीं, आणि बाहेरून आलेल्या एका जातीच्या उंदरानें त्यांची जागा घेतली.

यांतला बोध नीट समजून घेण्यासारखा आहे. कोणी पांचव्या वर्षीं मोजणी केली असती, तर मोड २५ एकरांच्या आसपास दिसली असती. गणित बिनचूक, कसोट्या सर्व पार, आणि निष्कर्ष असा निघाला असता कीं, २५ एकरांहून मोठा रानाचा तुकडा सुरक्षित आहे. पंचविसाव्या वर्षीं तोच निष्कर्ष शंभर एकरांच्या बेटांवर खोटा ठरला. तुकडा तुटतो त्या दिवशीं जातींवर एक कर्ज चढतें. त्याची फेड लहान तुकडा लवकर करतो व मोठा सावकाश करतो, एवढाच फरक. एका वेळच्या मोजणीवरून काढलेला उंबरठा म्हणजे त्या दिवसापर्यंत झालेली फेड. शिल्लक किती आहे तें तो सांगत नाहीं.

हे आंकडे पुस्तकांत राहत नाहींत, यामुळें हा विषय गंभीर होतो. रान राखावयाचें तर एक मोठें राखावें कीं तितक्याच क्षेत्रफळाचीं अनेक लहान राखावीं, हा वाद १९७५ सालीं जॅरेड डायमंड यांनीं मोठ्या रानाची बाजू मांडल्यापासून व १९७६ सालीं सिम्बरलॉफ व अबेल यांनीं त्यास हरकत घेतल्यापासून चालत आला आहे. उंबरठ्याचा एक आंकडा हातीं आला कीं त्याखालील तुकडे निरुपयोगी म्हणून सोडून द्यावयाचा मोह होतो. तो आंकडा कागदाच्या आंखणींतून निघालेला असेल, तर विनाकारण रान जातें. आणि तो फार लवकर केलेल्या मोजणींतून निघालेला असेल, तर सुरक्षित म्हणून सोडलेल्या रानांतले प्राणी हळूहळू नाहींसे होतात व कोणाला पत्ता लागत नाहीं. दोन्ही चुका सारख्याच महाग आहेत.

सह्याद्रींत व कोंकणांत देवाच्या नांवानें राखलेल्या देवराया आहेत. त्यांतल्या कित्येक फार तर एक-दोन एकरांच्या, आणि त्यांच्या भोंवतीं शेतें, घरें व रस्ते आहेत. कापिंगामारांगीचे साडेतीन एकर किंवा थायलंडांतले २५ एकर यांचें माप त्यांना लावणें शुद्ध चुकीचें होईल. देवराईभोंवतीं समुद्र नाहीं. बांधावरच्या झाडांवरून पक्षी येतात, बी पडतें, फुलपांखरें शेत ओलांडतात. परंतु त्या अभ्यासाची रीत येथेंही उपयोगी आहे. प्रत्येक राई मोजावी, रिकामीही सोडूं नये. वनस्पति, पक्षी व किडे यांचे गट निराळे ठेवावे. पाण्याचा झरा आहे कीं आटला हें टिपावें. आणि दहा वर्षांनीं तीच मोजणी पुन्हां करावी. तुकडा लहान आहे एवढ्यावरून त्याचें भवितव्य ठरत नाहीं. लहान तुकड्यांत क्षेत्रफळापेक्षां पाणी, माती, वारा व माणसाचा हात यांना अधिक महत्त्व असतें, हेंच तर त्या दूरच्या प्रवाळद्वीपानें शिकविलें.

सारांश, मोठ्या बेटांवर जागा राज्य करते. लहान बेटांवर प्रसंग राज्य करतो. या दोन राज्यांची सीमा कोठें आहे तें शोधण्याचें साधन संख्याशास्त्रानें दिलें आहे. सीमा काढतांना सोप्या रेषेला आधीं संधि द्यावी, शून्याची नोंद ठेवावी, आंकड्याबरोबर त्याची शंकाही सांगावी आणि काळ जाऊं द्यावा. एवढें पथ्य पाळलें, तर कागदावरची मोड व निसर्गांतला उंबरठा यांची गल्लत होणार नाहीं. आणि रानाचा कोणता तुकडा राखावा, कोणत्या बेटावरच्या विहिरीला आधीं जपावें, हें ठरविणाऱ्याच्या हातीं भरंवशाचा कांहीं आधार राहील.